अजिंठ्याचा धबधबा आणि जळगावचं पाणी

संपादक महोदय,
पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी जळगाव, भुसावळ, जामनेरकडची निम्मी माणसं अजिंठ्याला लेण्यांपेक्षा सप्तकुंड बघायला जातात, आम्हीपण गेलो होतो आणि खरंच डोळ्यांचं पारणं फिटलं. वाघूर नदी डोंगरावरून एकेका कुंडात उड्या घेत सात टप्प्यांत खाली येते, काळ्या बेसॉल्टच्या थरांवरून, आणि समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून लेण्यांची घोड्याच्या नालासारखी अख्खी रांग अन् टोकाला धबधबा असं एकदम दिसतं. पाण्याचा आवाज एवढा की शेजारचा काय बोलतो ते कळत नाही.

पण कुंडाच्या कडेला चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा बघून फार वाईट वाटलं. हीच वाघूर पुढे जामनेर तालुक्यातून वाहत वाघूर धरणात येते आणि तेच पाणी जळगाव शहराच्या नळाला येतं, म्हणजे तिथं फेकलेला कचरा आपल्याच पाण्यात ना! पोरं तर सेल्फीसाठी शेवाळलेल्या खडकावर अगदी टोकाला जातात, वरती डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असलं तरी लोंढा अचानक वाढतो हे त्यांना कोणी सांगतच नाही.

फर्दापूर फाट्यावर गाड्या थांबवून सगळ्यांना बसनंच वर जावं लागतं, तर तिथंच बाटल्या मोजून डिपॉझिट घ्यावं, परत दाखवली की पैसे परत. आणि जुलै ते सप्टेंबर रविवारी तरी कुंडाजवळ दोरी अन् दोन माणसं उभी करावीत ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, जळगाव