प्रथिने मोजताना कर्बोदके विसरू नका

संपादक महोदय,

आहाराच्या चर्चेत हल्ली प्रथिनांचाच बोलबाला आहे. प्रथिने हवीतच. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला ४८ ग्रॅम पुरतात. पण धान्य, म्हणजे कर्बोदकांचा मुख्य स्रोत, एकदम बंद करून प्रथिने वाढवली, तर त्यातली बरीचशी इंधन म्हणून जळतात. मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि यकृतातला साठा जेमतेम १०० ग्रॅमचा. तो संपला की यकृत अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांच्या घटकांपासून, ग्लुकोज बनवू लागते आणि खाणे अपुरे असेल तर ती स्नायूंतून ओढली जातात. वजनकाटा खाली येतो, पण त्यात बरेचसे पाणी आणि थोडे स्नायूही असतात, हे कुणी सांगत नाही!

स्निग्धांशाची भीतीही अशीच अर्धवट. ग्रॅमला ९ कॅलरी, कर्बोदके-प्रथिनांच्या दुपटीहून जास्त, म्हणून तेल मोजूनच घालावे. मात्र अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाविना नीट शोषली जात नाहीत. कोरडे गाजर कितीही खाल्ले तरी त्यातले कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, फारसे अंगी लागत नाही. सोबत चमचाभर तेल हवे.

लोहाचेही तसेच. डाळी-पालेभाज्यांतले लोह शोषायला त्याच जेवणात लिंबासारखा क जीवनसत्त्वाचा स्रोत असावा. जेवणाबरोबरचा चहा मात्र ते अडवतो. तो तासाभराने घ्यावा.

आपल्या आहारविषयक सदरांत पदार्थांच्या नावांसोबत अशी प्रमाणे आणि जोड्याही छापाव्यात, ही विनंती.

– एक आहारतज्ज्ञ