फोटो तरी शनीच्या चंद्राचा लावा

संपादक साहेब,

मार्च 2025 मध्ये शनीचे 128 नवे चंद्र मान्य झाले तेव्हापासून शनीची बातमी आली की तुमच्याकडे एकूण चंद्रांचा तोच आकडा, 274, आणि शेजारी फोटो आपल्या चंद्राचा. अहो आपला चंद्र दगडाचा, पाण्याच्या 3.3 पट जड! शनीचा आयापेटस घ्या, तो जेमतेम 1.1 पट, म्हणजे बहुतेक सगळा बर्फच.

आता बर्फ म्हणजे पांढराशुभ्र गोळा असंही नाही. आयापेटसची एक बाजू बर्फासारखी उजळ आणि दुसरी डांबरासारखी काळी, पडलेल्या उजेडातला फार तर 5 टक्के परत देते. कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाला 1671 साली हा सापडला तेव्हा शनीच्या पश्चिमेला असला की दिसायचा आणि पूर्वेला गेला की गायब!! पूर्वेला दिसायला 1705 उजाडलं, तेही एकदम मंद. एक तोंड काळं आहे आणि हा शनीला कायम एकच बाजू दाखवतो हे त्या माणसाने नुसत्या दुर्बिणीवर ताडलं.

काळं कशामुळे, तर त्याच्याही पलीकडे फीबी नावाचा चंद्र उलटा फिरतो, त्याची धूळ समोरून येते (2009 मध्ये त्या धुळीचं अवाढव्य कडंच सापडलं) आणि हायवेला किडे कसे पुढच्याच काचेवर आपटतात तशी ती आयापेटसच्या पुढच्या बाजूवर बसते. मग काळा भाग ऊन जास्त शोषतो, तिथला दिवस आपल्या 79 दिवसांचा त्यामुळे तापायला वेळ भरपूर, बर्फाची थेट वाफ होते आणि ती गार जागी जाऊन परत गोठते, म्हणजे काळं अजून काळं आणि पांढरं अजून पांढरं. तापतं म्हणजे उणे 144 अंशापर्यंत, हसू नका, उजळ बाजूपेक्षा 15-16 अंश जास्तच आहे ते. थर मात्र पातळ, छोटी उल्का आपटली तरी खालचा पांढरा बर्फ उघडा पडतो.

शिवाय विषुववृत्तावरून डोंगररांग, काही ठिकाणी 20 किमी उंच, आणि चंद्राचा व्यास सगळा 1,470 किमी! ती कशी झाली यावर अजून भांडणं चालू आहेत. शनीच्या दुसऱ्या एका चंद्राचं, एन्सेलॅडसचं, मुद्दाम लिहीत नाही, त्याच्या पाण्याच्या फवाऱ्यांवर सगळेच लिहितात.

त्याच कॅसिनीच्या नावाचं यान सप्टेंबर 2007 मध्ये आयापेटसच्या जवळून गेलं होतं, ते फोटो नासाच्या साइटवर फुकट आहेत. त्यातला एक घ्या ना.

– एक जुना वाचक, सांगली