विगमोर हॉलच्या मंडळींना

सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय, म्हणजे लंडनमधली आपली माणसंही वाचतील. बाँड स्ट्रीट स्टेशनला उतरून खरेदीला जाणाऱ्या कितीतरी मराठी मंडळींना, चार पावलांवर तुमच्या सभागृहात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली चालतात, याचा पत्ताच नसतो.

मी इथे शिकायला आले तेव्हा व्हायोलिन कुठलं आणि व्हायोला कुठला, तेही मला सांगता आलं नसतं. पस्तिशीच्या आतल्यांना पाच पौंडांत तिकीट मिळतं, एवढंच ऐकून आले होते. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी "पहिल्यांदाच का?" असं विचारलं आणि डावीकडची जागा दिली. तिथून पियानो वाजवणाऱ्याचे हात दिसतात. पहिले आभार त्या बाईंचे. हात बघत बघतच मी ऐकायला शिकले.

तुमच्याकडे खुर्च्या साडेपाचशेच्या आसपास, आणि वाद्यांना माइक नाही. चौघे वादक सुरुवात करण्याआधी एकदम श्वास घेतात, तोही ऐकू येतो. मिरजेत बैठकीच्या गाण्यांना आईचा पदर धरून गेलेल्या मुलीला ही जवळीक नवी नव्हती. पण मध्येच 'वा!' म्हणायची सोय नाही, ते मात्र मला अजूनही जड जातं.

मग २०२० आलं. मी इथे एका खोलीत, आई मिरजेत, विमानं बंद. १ जूनला तुम्ही रिकाम्या सभागृहातून सोमवार ते शुक्रवार दुपारी एकचे कार्यक्रम सुरू केलेत. बीबीसी रेडिओ ३ वर आणि इंटरनेटवर, थेट आणि फुकट. पहिल्या दिवशी पियानोवादक स्टीव्हन हफ यांनी बाखचा शाकोन वाजवला; मूळ रचना एकट्या व्हायोलिनची, ती संगीतकार बुसोनींनी पियानोसाठी केलेली. इथला एक म्हणजे मिरजेत साडेपाच, आईच्या चहाची वेळ. वादन संपलं, टाळी एक नाही. आई फोनवर म्हणाली, "अगं, कुणी वा तरी म्हणा त्या बिचाऱ्याला!" आणि तिनंच मोठ्यानं म्हटलं. त्या महिन्यात आमचं बोलणं "आज कोण आहे गं?" इथून सुरू व्हायचं. औषधं आणि आकडे सोडून बोलायला काहीतरी मिळालं, ते तुमच्यामुळे.

फुकट म्हटलं तरी खर्च कुणीतरी केलाच होता. तुम्ही धर्मादाय संस्था, नफ्याचा प्रश्नच नाही. १९०१ साली बेखस्टाइन या जर्मन पियानो कंपनीनं बांधलेली ही वास्तू पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेली आणि १९१७ मध्ये नव्या नावानं उघडली. एवढं पचवलेली वास्तू सहजी डगमगणार नाही, हे कळतं. तरी २०२६ पासून आर्ट्स कौन्सिलचं, म्हणजे कलांना सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेचं, अनुदान न घेता देणग्यांवर चालायचं तुम्ही ठरवलंत, हे वाचून कौतुकाइतकीच धाकधूकही वाटली. माझी वर्गणी किरकोळ आहे, पण चुकणार नाही. पाच पौंडांच्या तिकिटाला तेवढा धक्का लावू नका.

आई पुढच्या महिन्यात येतेय. रविवारी सकाळच्या मैफलीची दोन तिकिटं काढली आहेत, डावीकडचीच. नंतर शेरी की कॉफी विचाराल तेव्हा तिला कॉफी द्या, साखर दोन चमचे. आणि मध्येच ती 'वा!' म्हणाली, तर सांभाळून घ्या.

तुमची,
मिरजेची एक श्रोती