पाच हजार मीटरला तुमच्या यादीत जागा का नाही? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या कयाकपटू मुलीची मदतीची फाइल आपल्या कार्यालयातून परत आली. वर लाल शाईत एकच ओळ: 'क्रीडाप्रकार ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट नसल्याने मदत अनुज्ञेय नाही.' मागच्या वर्षी ऐरोलीतल्या सत्कारात आपणच माइकवरून सांगितलं होतं, 'या मुलीला स्वतःची बोट देऊ, खाडीवर तरंगती जेट्टी बांधू.' समोर अख्खा कोळीवाडा बसला होता.

माझी मुलगी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद बोट, चालवते. एकटी, पाच हजार मीटर. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची ही शर्यत २०१० पासून होते. त्या वर्षी पोलंडमधल्या पोझनानला हंगेरीची तमारा चिपेश जिंकली. हीच बाई पुढे रिओ आणि टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये चौघींच्या बोटीत सुवर्ण घेऊन आली, टोकियोत एकेरी ५०० मीटरला रौप्यही. लांब पल्ल्याने तिचं काय नुकसान झालं? आपल्या खात्यात हे कुणाला माहीत नाही, की फाइल न वाचताच शेरा मारतात?

पाचशे मीटरला प्रत्येकीची रांग वेगळी. इथे रांगा नाहीत, सगळ्या एकाच घोळक्यात सुटतात, पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालताना वल्ह्यावर वल्हं आपटतं. पुढच्या बोटीच्या लाटेवर जी चिकटून बसते, तिचा दम वाचतो. हे सगळं पाण्यातच शिकावं लागतं. आणि पाणी कुठे? ओहोटीला आमच्या खाडीत मांडीएवढा चिखल. पोर बोट खांद्यावर घेऊन त्यातून जाते. चिखलातली कालवं ब्लेडसारखी लागतात, तिच्या पोटऱ्या बघवत नाहीत. बोटीखालचं सुकाणू तळहाताएवढंही नसतं, ते घासून वाकलं. तिच्या बाबांनी होडीच्या हत्यारांनी ठोकून सरळ केलं. निवड चाचणीत दुसऱ्या वळणावर ते पुन्हा फिरलं, बोट घोळक्याबाहेर गेली आणि पोर मागे राहिली ती राहिलीच. बोट उसनी, तीही जुनी. नवी आणायची तर तीन-चार लाख. माझी पोत सोनाराकडे आहे, साहेब. पहाटे मासळीच्या लिलावाला उभी राहते, दुपारपर्यंत टोपली विकते, संध्याकाळी तिचे पाय हळदीने शेकते. घरी आल्यावर ती एक शब्द बोलत नाही, आणि मला ते तिच्या रडण्याहून जड जातं.

तुम्हाला आकडे हवे असतात ना? आशियाई खेळांत कनू-कयाक या खेळातलं आपलं पहिलं पदक १९९४ चं, हिरोशिमाचं. दुसरं २०२३ मध्ये हांगझोऊला, अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांचं कांस्य. मधे २९ वर्षं! अपंगांच्या कयाकमध्ये प्राची यादवने हांगझोऊलाच सुवर्ण मिळवलं, ती सराव करते भोपाळच्या तलावात. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. आम्हाला ठाण्याची खाडी आहे, वाशीत, नेरुळात, बेलापुरात पाणी साठवायचे धारण तलाव आहेत, आणि आमच्या पोरींना उतरायला एक लाकडी फळी नाही.

खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जगात महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. फ्लेमिंगो जगलेच पाहिजेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण खाडीवर आधी आम्ही होतो. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के विकसित जमिनीसाठी आमच्या बापजाद्यांनी चपला झिजवल्या, पूल आले, भराव आले, मासळी आटली. प्रत्येक वेळी कागदावर पुनर्वसन झालं. आता त्याच पाण्यात वल्हं मारून पोर देशासाठी पुढे येते, तर तुम्ही तिला यादी दाखवता. निवडणुकीला मात्र आमच्या टोप्या घालून नाचायला सगळे येतात. आमच्या मुलीने वल्हवायचं आणि फोटोत हार तुम्ही घालायचा, एवढंच नातं आहे का?

मला सत्कार नको, शाल नको. जागतिक स्पर्धेत असलेला प्रत्येक प्रकार मदतीच्या यादीत घ्या. ऐरोलीच्या बाजूला, पाणी असेल तिथपर्यंत पोचणारी तरंगती जेट्टी बांधा. आणि बोटीचं जे बोललात ते लेखी द्या, तारखेसह.

फाइल मी पुन्हा जमा केली आहे. या वेळी जो शेरा मारेल त्याने खाली स्वतःचं नाव लिहावं.

एक आई
दिवा कोळीवाडा, ऐरोली