माजघरातला स्टुडिओ

मालवण,
१८ मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. घरीच ध्वनिमुद्रणाची सोय करून गावच्या मंडळाची भजने गणपतीपूर्वी नोंदवून ठेवायची, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र तू पाठवलेल्या खरेदीच्या यादीत माइकपासून स्पीकरपर्यंत सारे काही असून, ज्या खोलीत हे काम चालायचे तिचा उल्लेखच नाही. म्हणून आधी खोलीविषयी लिहितो.

ओटीवर मुद्रण करण्याचा विचार सोडून दे. भजनाला ओटीसारखी जागा नाही हे खरे, पण तिथे रस्त्यावरची रिक्षा, माडांची सळसळ आणि समुद्राची गाज हे सगळे बुवांच्या आवाजासोबत माइकमध्ये शिरते. त्यापेक्षा माजघर घे. जांभ्याच्या जाड भिंती बाहेरचा गोंगाट चांगला अडवतात आणि वर माळा असल्यामुळे कौलांच्या फटींतून येणारा आवाजही कमी होतो. अडचण एवढीच, की गिलावा केलेल्या त्याच भिंती आतला आवाज परत फेकतात. खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजव. टाळीनंतर थरथरता झणकार ऐकू आला, तर तोच झणकार प्रत्येक अभंगाच्या प्रत्येक शब्दाला चिकटणार आहे, आणि नंतर संगणकावर तो पुसून काढणे जवळजवळ अशक्य असते.

यासाठी घरातल्या गाद्या आणि गोधड्या पुरतात. माइकचे तोंड गायकाकडे असते, म्हणजेच गायकाच्या पाठीमागच्या भिंतीकडेही असते. म्हणून पहिली जाड गोधडी बुवांच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांग. पातळ पडद्याने केवळ वरच्या पट्टीचा आवाज शोषला जातो. पखवाजाच्या धुमाळीची गोष्ट वेगळी, कारण १०० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. तिला थोडाफार आवर घालायचा तर कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या कराव्या लागतील. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईलच; तो ऐकू नकोस.

आता माइक. यादीतला कंडेन्सर माइक तूर्त खोडून टाक. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्या तारेतूनच जाणारी वीज, लागतो, ही काही मोठी अडचण नव्हे, पण त्याचे नाजूक पटल आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत कुरकुरू लागते आणि न सुधारलेल्या खोलीतला प्रत्येक दोष तो इमानाने टिपतो. त्याऐवजी शुअरच्या एसएम५८ सारखे दोन डायनॅमिक, म्हणजे अशी वीज न लागणारे, माइक घे. हा माइक १९६६ पासून बनतो आहे आणि भजनाच्या मंचावर तू तो शेकडो वेळा पाहिला असशील. तो पाठीमागचा आवाज फार कमी घेतो. तेव्हा झांजवाल्यांना बुवांच्या समोर, म्हणजे माइकच्या पाठीशी बसव, नाहीतर झांजेपुढे शब्द ऐकू येणार नाहीत. दुसरा माइक पखवाजाला. पेटी दोन्हींत येईलच, मात्र भात्याची फुसफुस टाळण्यासाठी ती गायकाच्या माइकला अगदी खेटून ठेवू नकोस.

इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारे उपकरण, दोन माइकचा पुरे. मुद्रणाची डिजिटल बारकाई २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेव. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, मात्र सावकाश चाललेल्या अभंगावर कधीही ठरवू नकोस. गजर टिपेला पोहोचला असताना सगळ्यांना एकदा वाजवायला सांग आणि तेव्हा आवाजाची पातळी दाखवणारा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा बेताने लाव. अभंग हळू आवाजात नोंदला गेला तरी २४ बिटांत तो नंतर वाढवता येतो, परंतु गजरात फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. सॉफ्टवेअरसाठी ऑडॅसिटी मोफत आहे. रीपर ६० दिवस वापरून पाहता येते आणि मला तेच अधिक सोयीचे वाटते. स्पीकर पुढच्या वर्षी घेतलेस तरी चालेल, तोवर कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापर.

विजेकडे दुर्लक्ष करू नकोस. घरचे अर्थिंग कच्चे असेल तर मुद्रणात ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली, तर दोष कुठे आहे ते कळेल. उन्हाळ्यात कातळाची जमीन सुकते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून पाहा. वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेव, नुसते बटण बंद करून भागत नाही. माइक आणि इंटरफेस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह राहू देत. निळे दाणे गुलाबी पडले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.

आणि हे सारे लवकर कर. मृग लागायला तीन आठवडेही उरलेले नाहीत, आणि कौलांवर पाऊस कोसळू लागला की माळा असूनही माजघरात मुद्रण होत नाही. पखवाज आणि झांजांसह पूर्ण मंडळ लागते ती भजने या महिन्यातच उरकून घे. केवळ पेटीवरचे अभंग श्रावणातल्या उघडिपीसाठी ठेवता येतील. पहिल्या दिवसाचे मुद्रण काहीही दुरुस्ती न करता मला पाठव, म्हणजे गोधड्या कुठे सरकवायच्या ते सांगता येईल.

तुझा मित्र