किल्ली उलटी फिरवायचं घर

प्रिय दुभाषी ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचलंत तर लगेच ओळखाल. तुम्ही यांच्या डाव्या हाताला, खुर्ची जरा मागे सरकवून बसला होतात. डॉक्टर बोलताना हे डॉक्टरांकडेच बघत होते, आवाज मात्र तुमचा, आपल्या भाषेतला. कितीतरी दिवसांनी मी यांना दवाखान्यात ताठ बसलेलं पाहिलं.

त्याआधी दोन वर्षं आमचा मुलगाच दुभाष्याचं काम करायचा. हे अडखळले की तो वाक्य पुरं करून द्यायचा, बाजूने मीही शब्द पुरवायची. आम्हाला वाटायचं, यांची लाज राखतोय. पण त्यात यांचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचतच नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी स्मृतिभ्रंश तपासायची १९७५ची ती मिनी-मेंटल चाचणी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करून घेतली होती. तिच्यात ‘नो इफ्स, अँड्स ऑर बट्स’ हे वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणायचं असतं. त्याची खरी परीक्षा इंग्रजी उच्चारांत आहे. भाषांतरात हाती लागतं ते भलतंच काहीतरी. त्यात यांचे गुण गेले. घरी आल्यावर रात्रीपर्यंत बोलले नाहीत.

तुमच्या वेळी डॉक्टरांनी रुडास नावाची स्मृतिभ्रंशाची दुसरी चाचणी घेतली. सिडनीत तयार झालेली, २००४ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी वेगवेगळ्या भाषांच्या माणसांसाठीच बेतलेली आहे. एका हाताची मूठ, दुसरा पंजा टेबलावर पालथा, मग दोन्ही एकदम बदलायचे. यांचे हात चुकत होते, पुन्हा जुळत होते. तुम्ही एका शब्दानेही मदत केली नाहीत. त्याबद्दलही आभार. जे चुकलं ते यांचं होतं आणि जे जमलं तेही यांचंच.

मग हे नेहमीचं बोलले, “मला घरी जायचंय.”

हे वाक्य आमच्याकडे रोज संध्याकाळी व्हायचं. सगळ्यांनी धरून चाललो होतो की यांना मायदेश आठवतोय. मुलाने तर विमानाची तिकिटं बघायला घेतली होती. तिथलं घर विकून किती वर्षं झाली, हे यांना सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. तुम्ही ते वाक्य जसं होतं तसं डॉक्टरांना सांगितलंत. मग थांबून म्हणालात, “दुभाषी म्हणून एक शंका विचारू का? घर म्हणजे कुठलं, ते स्पष्ट नाही.” स्वतःचं काही घालायचं नाही, हा तुमच्या कामाचा नियम. तो न मोडता तुम्ही विचारलंत.

यांनी उत्तर दिलं नाही. हात पुढे केला आणि मनगट उलट्या बाजूने फिरवलं.

मला तिथेच रडू आलं. इथे आल्यावर आम्ही भाड्याने घेतलेल्या पहिल्या दोन खोल्यांचं कुलूप उलटं बसवलेलं होतं, किल्ली उलटी फिरवावी लागायची. तेव्हा हे ३४ वर्षांचे होते. मुलगा तिथेच जन्मला. हल्ली हे आमच्या दाराशी किल्ली उलटी फिरवत उभे राहायचे आणि मी ते आजाराच्या खात्यावर मांडून किल्ली यांच्या हातातून काढून घ्यायची.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या साधारण १० ते ३० या वयातल्या गोष्टी जास्त आठवतात. पण श्राउफ आणि रुबिन या संशोधकांनी २००१ साली स्थलांतरितांवरचा एक अभ्यास मांडला. त्यात उशिरा देश सोडलेल्यांच्या आठवणींची ही दाटी देश सोडण्याच्या वयाकडे सरकलेली दिसली. म्हणजे जन्माचं घर नाही, आत्ताचंही नाही. जिथे आम्ही दोघं कुणाच्या आधाराशिवाय पहिल्यांदा उभे राहिलो, ते घर यांना हवं होतं. इतकी वर्षं संसार करून मला ते सुचलं नव्हतं.

ताई, तिकिटांचा विषय बंद झाला. एक जुनी किल्ली मी यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलीय. संध्याकाळी हे उठले की मी विचारते, “किल्ली घेतलीत का?” हे खिसा चाचपतात आणि त्या खोल्यांबद्दल बोलायला लागतात. कधी अर्धा तास. काही दिवशी त्यानेही भागत नाही, मग आम्ही दोघं चालून येतो.

पुढच्या तपासणीच्या अर्जात दुभाष्याच्या रकान्यात मी तुमचंच नाव लिहिलंय. जमलं तर याच. हे तुम्हाला किल्ली दाखवतील.

तुमची,
त्या दिवशी उजवीकडे बसलेली बाई