पारसिकच्या बोगद्यात

ऐरोली, रविवार रात्र

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

परवा नाशिकहून परतताना काकूंचा व्हिडिओ कॉल आला, "पोचलास का रे?" म्हणून. गाडी नेमकी तेव्हाच पारसिकच्या बोगद्यात शिरली. काकूंचं कुंकू गालावर ओघळल्यासारखं दिसलं, मग अर्ध्या चेहऱ्याचे चौकोन झाले. बोगदा संपला तरी ते काही क्षण तसेच. "रेंज आली ना, मग तू अजून तुकड्यातुकड्यांत का दिसतोस?" काकूंनी विचारलं. मंदार, मी सहा वर्षं याच प्रश्नावर काम करतोय.

व्हिडिओत प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारं प्रत्येक चित्र, पूर्ण पाठवत नाहीत. आधीच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला आणि किती बदलला, एवढंच जातं. म्हणून आधीचा तुकडा बिघडला की त्याच्या आधाराने उभे राहिलेले पुढचेही बिघडतात.

हे सरकणं शोधायलाच व्हिडिओ पाठवणाऱ्या चिपची सर्वाधिक ताकद जाते. 2003 च्या एच.264 या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीत एक चौकोन 16 गुणिले 16 पिक्सेलचा. चारही बाजूंना 16 पिक्सेलपर्यंत प्रत्येक जागा तपासली, तर 1089 जागा, आणि प्रत्येक जागी 256 पिक्सेलची तुलना, म्हणजे एका चौकोनासाठी 2,78,784 वजाबाक्या! 640 गुणिले 480 च्या एका फ्रेममध्ये असे 1200 चौकोन. आम्ही शोध आखडता घेतो, पण बॅटरी खाणारा मुख्य राक्षस हाच.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ऐक. एखादा चौकोन मागच्याचा आधार न घेता स्वतंत्र पाठवला, तर चूक तिथेच थांबते, आणि तो शोधही वाचतो! एकाच निर्णयात दोन्ही. किंमत एवढीच की बिट जास्त लागतात, आणि ते पाठवायलाही वीज लागते. म्हणून कुठले चौकोन निवडायचे यातच सगळं कौशल्य. मागची भिंत हरवली तर जुनी भिंत चालून जाते. काकूंचे ओठ हरवले तर जुने ओठ चालत नाहीत.

दुसरी झुंज व्होल्टेजशी. 1 व्होल्टवरून 0.7 वर आलं की सर्किटच्या प्रत्येक उघडझापीची ऊर्जा जवळपास निम्मी होते, पण मेमरीतले बिट आधी डगमगतात. आमच्या पहिल्या चिपवर चित्रभर पांढरे ठिपके उठले होते, रात्रभर झोप आली नाही. पिक्सेलच्या आठ बिटांत सगळ्यात वरच्याची किंमत 128, सगळ्यात खालच्याची 1. मग सगळ्यांना सारखं का जपायचं? वरच्या बिटांना साठवायला मेमरीत आठ ट्रान्झिस्टरची दणकट पेशी दिली, खालच्यांना नेहमीची सहाची. जागा थोडी वाढली, ठिपके गेले. खालचा बिट चुकला तर डोळ्याला कळतही नाही.

नवा बोर्ड दिवाळीत घेऊन येतो. तोवर काकूंना एवढंच सांग, की रेंज आली होती, पण माझा चेहरा अजून बोगद्यातल्या चुकलेल्या फ्रेमवरूनच काढला जात होता.

तुझा,
श्रीकांत